दहा हजार पावलांच्या अलीकडे

मनगटावरचे घड्याळ किंवा खिशातला फोन आता दिवसभरातली पावले मोजतो, आणि त्या मोजणीला बहुधा एक ठरलेले लक्ष्य जोडलेले असते : दहा हजार. सत्तरी ओलांडलेली, गुडघा जपत चालणारी एखादी व्यक्ती सकाळी बागेत दोन फेऱ्या मारून, वाटेत भाजी घेऊन घरी येते तेव्हा आकडा तीन-साडेतीन हजारांवर असतो. लक्ष्याचा जेमतेम तिसरा हिस्सा पुरा झाला, असा त्याचा अर्थ लावला जातो. आणि जे कधी पुरे होणारच नाही त्याच्या मागे कशाला लागायचे, असे वाटून त्या दोन फेऱ्याही सुटण्याची वेळ येते. या समजुतीने होणारे नुकसान मोठे आहे, कारण गेल्या पाऊणशे वर्षांच्या संशोधनाने हाती दिलेला निष्कर्ष नेमका याच्या उलट आहे. उतारवयात चालण्याचा सर्वांत मोठा लाभ सर्वांत कमी चालणाऱ्याला होतो, आणि तोही त्याच्या पहिल्या काही वाढीव पावलांमध्ये. इतकी साधी गोष्ट कळायला एवढा काळ का लागला, याचे उत्तर शरीरशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते. कोणाची चाल मोजली गेली, कोण मोजणीबाहेर राहिले आणि मोजणीचा आकडा कुठून आला, हे पाहिले की आजचा गैरसमज कसा घडला ते उलगडते.

बैठ्या कामाने माणूस आजारी पडतो ही शंका जुनी आहे. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली मोदेना शहरात कारागिरांच्या रोगांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शिंप्यांसारख्या दिवसभर बसून काम करणाऱ्यांच्या तक्रारी त्याने त्यात नोंदवल्या आणि निदान सुटीच्या दिवशी तरी त्यांनी शरीर हलवावे असे सुचवले. पण ही हातपाय धड असलेल्या, कमावत्या वयातल्या माणसांची गोष्ट होती. म्हाताऱ्या आणि आजारी शरीराविषयी वैद्यकाची धारणा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निराळीच राहिली : शरीर झिजत चालले आहे, तेव्हा ते जितके कमी वापराल तितके टिकेल. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर पाडून ठेवले जाई. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहून या विश्रांतीचे धोके एकेक करून मांडले : पायांत होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या, हाडांतून निघून जाणारे कॅल्शियम, आखडणारे सांधे, झिजणारे स्नायू, खचत जाणारे मन. १९५२ मध्ये बॉस्टनचे सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी झटका आलेल्या रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला. आज आपल्याला हे अगदीच किरकोळ पाऊल वाटेल. त्या काळी ते धाडस होते.

विश्रांतीवरच्या या श्रद्धेला सर्वांत मोठा धक्का बसला तो अमेरिकेतल्या डॅलस शहरात. १९६६ मध्ये तिथल्या संशोधकांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्या तीन आठवड्यांत, श्रम करताना प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सरासरी एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, वयाच्या पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. मधल्या तीन दशकांच्या वयोमानाने त्यांची क्षमता जेवढी घटली होती, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांतली घट जास्त होती. पुढे सहा महिने चालणे, हलके धावणे आणि जागच्या जागी सायकल चालवणे असा बेताचा सराव केल्यावर त्यांची सरासरी क्षमता १९६६ मधल्या मूळ पातळीच्या आसपास परतली. पाच माणसांचा अभ्यास म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, हे मान्य. पण ज्याला आपण वय म्हणतो त्यातला बराच भाग न वापरल्याचा परिणाम असतो, आणि तो भाग परत मिळवता येतो, ही शक्यता या प्रयोगाने कायमची टेबलावर ठेवली.

चालण्या-वावरण्याचा आणि आयुष्याचा संबंध मोठ्या लोकसमूहात दाखवून देण्याचे श्रेय मात्र लंडनच्या दुमजली बसगाड्यांना आणि जेरी मॉरिस यांना जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे प्रमाण झपाट्याने वाढताना दिसत होते आणि त्याचे कारण कोणाला नीट सांगता येत नव्हते. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन ट्रान्सपोर्टमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या १९४९ आणि १९५० मधल्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच शहरात, साधारण सारख्याच सामाजिक थरातले. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडत खाली-वर करीत दिवसाला पाचशेहून अधिक पायऱ्या चढत असे. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हृदयविकाराचा पहिला प्रसंग ओढवण्याचे वार्षिक प्रमाण ड्रायव्हरांत दर हजारी २.७ आणि कंडक्टरांत १.९ निघाले. कंडक्टरांचा आजार सरासरी उशिरा सुरू होई आणि पहिल्याच झटक्यात मरण येण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी असे. टपाल वाटत हिंडणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे टेलिफोन कर्मचारी व कारकून यांच्या तुलनेतही हेच चित्र दिसले.

या निष्कर्षावरचा सर्वांत गंभीर आक्षेप त्या काळीच घेतला गेला आणि त्याचा पाठपुरावा मॉरिस यांच्या गटाने स्वतः केला. मुळातच स्थूल, हृदयविकाराकडे झुकलेली माणसे ड्रायव्हरची नोकरी पसंत करीत असतील तर? मग फरक पायऱ्यांनी नव्हे, निवडीनेच पडला म्हणायचा. हे तपासण्यासाठी त्यांनी नोकरीवर रुजू होताना दिलेल्या गणवेशांची मापे काढली. १९५६ मध्ये त्यांनी कळवले की ड्रायव्हरांच्या विजारींचा कंबरघेर खरोखरच कंडक्टरांपेक्षा जास्त असे. आपल्याच सिद्धान्ताला अडचणीची ठरणारी गोष्ट त्यांनी उघडपणे छापली. पुढच्या विश्लेषणात मात्र असे दिसले की सडपातळांची सडपातळांशी आणि स्थूलांची स्थूलांशी तुलना केली तरी कंडक्टरांची बाजू उजवीच राहते. निवडीचा वाटा होता, पण सगळा फरक त्याने भरून निघत नव्हता. अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचा आणि नंतर हार्वर्डच्या १६,९३६ माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. १९८६ मध्ये त्यांनी दाखवले की आठवड्याला नऊ मैल, म्हणजे साडेचौदा किलोमीटर किंवा त्याहून जास्त चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका तीन मैलांहून कमी चालणाऱ्यांपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी होता. १९९६ मध्ये मॉरिस आणि पॅफेनबार्गर यांना क्रीडाविज्ञानासाठीचे ऑलिंपिक पारितोषिक विभागून मिळाले, ते उचितच होते.

पण या थोर कामाचा साचा पाहिला की त्यातली पोकळी लक्षात येते. बस कामगार, गोदी कामगार, हार्वर्डचे पदवीधर : सारे पुरुष, आणि बहुतेक कमावत्या वयातले. माणूस निवृत्त झाला की नोकरीच्या नोंदींतूनही बाहेर पडे. स्त्रिया तर त्या नोंदींत क्वचितच आलेल्या. त्यातच संशोधनाचा रोख जोरकस व्यायामाकडे वळला. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक निघाले आणि पळण्याची लाट आली. स्वतः मॉरिस यांनी १९७३ मध्ये ब्रिटिश सरकारी अधिकाऱ्यांच्या पाहणीतून असा निष्कर्ष काढला की फुरसतीच्या वेळेतला जोरकस व्यायाम तेवढा हृदयाचे रक्षण करतो. धाप लागेपर्यंत श्रम केले नाहीत तर उपयोग नाही, हा समज पुढची दोन दशके पसरत गेला आणि त्यात वृद्धांसाठी जागाच उरली नाही. ज्याला पळता येत नाही त्याने काय करायचे, याला तेव्हाच्या सल्ल्यात नीट उत्तर नव्हते. १९९५ मध्ये अमेरिकी आरोग्य यंत्रणांनी बहुतेक दिवशी अर्धा तास मध्यम श्रम पुरेसे असल्याचे सांगितले, तेव्हा ही कोंडी फुटू लागली. १९९७ मध्ये मॉरिस यांनीच ॲड्रियान हार्डमन यांच्यासह लिहिलेल्या लेखात चालणे हा परिपूर्णतेच्या सर्वांत जवळ जाणारा व्यायाम असल्याचे प्रतिपादन केले. तेव्हा ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. पुढे ते ९९ व्या वर्षापर्यंत जगले.

दहा हजारांचा आकडा या शास्त्रीय परंपरेतून आलेलाच नाही. तो जपानमधून आला. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोत ऑलिंपिक झाले आणि युद्धातून सावरून वेगाने शहरी बनत चाललेल्या त्या देशात व्यायामाविषयी उत्साह संचारला. १९६५ मध्ये यामासा या कंपनीने कंबरेला लावायचे पाऊलमापक बाजारात आणले आणि त्याच्या नावातच दहा हजार पावले गुंफली. आकडा भरीव, लक्षात राहणारा, जाहिरातीला सोयीचा होता. चालणाऱ्यांच्या मंडळांनी तो उचलला, तिथून तो जगभर गेला आणि पुढे यंत्रांमध्ये जाऊन बसला. त्याने नुकसानच केले असे म्हणता येणार नाही. धडधाकट प्रौढाला दिवसाला सहा-सात किलोमीटर चालायला लावणारा आकडा वाईट कसा असेल? पण किती पावलांनी म्हाताऱ्या माणसाचे आयुष्य वाढते, याचा कोणताही अभ्यास त्याच्यामागे नव्हता. तसा अभ्यास करण्याची साधनेच तेव्हा नव्हती. एका पिढीच्या उमेदीतून निघालेले हे माप पुढे सर्व वयांना सरसकट लावले गेले.

वृद्धांची चाल वृद्धांमध्येच मोजायला सुरुवात झाली ती प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या अखेरीस. हवाईमधल्या होनोलुलू हृदय प्रकल्पात जपानी वंशाच्या पुरुषांची पाहणी १९६५ पासून चालू होती. ते पुरुष आता निवृत्त झाले होते. त्यांतल्या ६१ ते ८१ वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या आणि चालण्यास सक्षम अशा ७०७ जणांची बारा वर्षांची हकिगत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसाला एक मैलाहून, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरहून कमी चालणाऱ्यांपैकी साधारण ४० टक्के या काळात मरण पावले. दोन मैलांहून अधिक चालणाऱ्यांपैकी साधारण २४ टक्के. दुसऱ्या रीतीने सांगायचे तर, जास्त चालणाऱ्यांच्या गटात जेवढी माणसे दगावायला बारा वर्षे लागली, तेवढी कमी चालणाऱ्यांच्या गटात सात वर्षांच्या आतच दगावली. २००४ मध्ये याच प्रकल्पातल्या ७१ ते ९३ वयाच्या २,२५७ पुरुषांवरून असे दिसले की दिवसाला पाव मैलही न चालणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दोन मैलांहून अधिक चालणाऱ्यांच्या जवळजवळ पावणेदोन पट होते. त्याच वर्षी अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घ पाहणीतल्या ७० ते ८१ वयाच्या स्त्रियांचे निष्कर्ष आले : आठवड्याला दीड तास सावकाश चालणाऱ्या स्त्रियाही त्याहून कमी चालणाऱ्यांपेक्षा विचारशक्तीच्या चाचण्यांत सरस ठरल्या. दोन मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर. दहा हजार पावलांच्या निम्मेच अंतर, आणि तरीही एवढा फरक.

हे सारे लोकांनी स्वतः सांगितलेल्या अंतरावर आधारलेले होते. नेमकी पावले मोजून उत्तर दिले ते आय-मिन ली यांनी. पॅफेनबार्गर यांच्याबरोबर काम केलेल्या या संशोधिकेने सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकी स्त्रियांच्या कंबरेला हालचालमापक लावले आणि सरासरी चार वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत सुमारे ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्युदर ४१ टक्के कमी होता. पुढे पावले वाढतील तसा तो आणखी घटत गेला, पण सुमारे ७,५०० नंतर वाढीव लाभ दिसेनासा झाला. एकूण पावले विचारात घेतल्यावर पावलांच्या वेगाचा स्वतंत्र परिणाम स्पष्ट उरला नाही. २०२२ मध्ये पंधरा अभ्यासांतल्या ४७,४७१ जणांची माहिती एकत्र केली गेली तेव्हा हेच पुन्हा दिसले : साठीपुढच्यांमध्ये लाभाची चढण सहा ते आठ हजार पावलांपाशी सपाट होते, साठीखालच्यांमध्ये आठ ते दहा हजारांपाशी. या चढणीचा आकारच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. ती तळाशी सर्वांत तीव्र आहे. अडीच-तीन हजारांवर असलेल्या माणसाने रोज दीड हजार पावले, म्हणजे साधारण पंधरा-वीस मिनिटांचे चालणे वाढवले, तर त्याच्या पदरात जे पडते ते आठ हजारांवरून दहा हजारांवर जाणाऱ्याच्या पदरात पडत नाही.

यावर विचारी वाचक विचारेल : माणसे चालतात म्हणून निरोगी राहतात, की निरोगी असतात म्हणून चालू शकतात? गणवेशांच्या मापांचा प्रश्न हा याचाच पूर्वज होता, आणि वृद्धांच्या बाबतीत तो अधिक टोकदार होतो, कारण मृत्यूपूर्वीचे आजारपण पावले आधीच कमी करते. चांगल्या अभ्यासांनी याची दखल घेतली आहे. आधीपासून आजारी असलेल्यांना आणि सुरुवातीच्या काळातल्या मृत्यूंना बाजूला काढून पुन्हा गणित मांडले, तरी संबंध टिकतो. तरीही निव्वळ निरीक्षणाने ही शंका पूर्ण फिटत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडणारा प्रयोग लागतो. असा प्रयोग अमेरिकेतल्या आठ केंद्रांत झाला आणि २०१४ मध्ये त्याचे फलित कळले. ७० ते ८९ वयाचे १,६३५ बैठे, अशक्त होऊ लागलेले पण ४०० मीटर चालू शकणारे स्त्री-पुरुष त्यात होते. एका गटाला आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे ध्येय आणि जोडीला बळाचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. दुसऱ्याला आरोग्याविषयीची व्याख्याने. सरासरी २.६ वर्षांत ४०० मीटर चालण्याची शक्ती गमावणारे व्याख्यानांच्या गटात ३५.५ टक्के निघाले, चालणाऱ्यांच्या गटात ३०.१ टक्के. हा फरक निरीक्षणांतल्या आकड्यांएवढा डोळे दिपवणारा नाही. त्यावरून असे मानायला जागा आहे की निरीक्षणांतल्या लाभाचा काही भाग मूळच्या निरोगीपणाचा असतो. पण उरलेला भाग खरा आहे, आणि ज्यांच्यासाठी आता काही करण्यासारखे राहिले नाही असे घरातले लोक समजून बसतात, अशाच माणसांमध्ये तो सिद्ध झाला आहे.

चालण्याला जे पेलत नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर त्याची बाजू दुबळी होते. २०११ मध्ये १२० वृद्धांच्या एका प्रयोगात वर्षभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. पण वर सांगितलेल्या मोठ्या प्रयोगात विचारशक्तीमध्ये दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तेव्हा चालल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे आश्वासन आज कोणालाही देता येणार नाही. पडून खुब्याचे हाड मोडण्याची भीतीही रास्त आहे, आणि निव्वळ चालण्याने ती जात नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांबरोबर, वृद्धांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि बळ वाढवणारे व्यायाम करावेत असे सांगितले. याच सूचनांनी आणखी एक जुनी अट काढून टाकली : सलग दहा मिनिटे चाललात तरच ते मोजायचे, ही. आता जिना चढणे, वाणसामान आणायला जाणे, नातवंडाला शाळेत पोचवणे, सारे जमेस धरले जाते. मोजणीच्या व्याख्येतून बाहेर राहिलेला म्हातारा माणूस या एका बदलाने तिच्यात आला.

लक्ष्य खाली आणले तर लोक आळसावतील, असाही एक आक्षेप असतो. तो धडधाकट चाळिशीतल्या माणसाबद्दल खरा असू शकेल. त्याला अधिक मागावे, तो देऊ शकतो. पण पंचाहत्तरीच्या माणसापुढे न पेलणारा आकडा ठेवणे म्हणजे त्याला नापास करून घरी बसवणे. लाभाची चढण तळाशी तीव्र असताना माथ्यावरचा आकडा सर्वांना एकच दाखवत राहणे शास्त्रालाही धरून नाही आणि न्यायालाही. एक प्रश्न आपल्याकडचा खास आहे : आयुष्यभर शेतात राबलेल्या, डोक्यावर हंडे वाहिलेल्या बाईला चालण्याचे महत्त्व कोणी शिकवायचे? खरेच, तिला त्याची गरज नाही. तिच्या पायांनी आधीच पुष्कळ सोसले आहे, आणि ओझ्याखालचे सक्तीचे श्रम व मोकळे चालणे यांचा परिणाम एकसारखा मानता येत नाही. तिची गरज वेगळी आहे : गुडघ्यांचे उपचार, आणि मुलाबरोबर शहरात राहायला आल्यावर फ्लॅटच्या चार भिंतींत तिचे चालणे अचानक थांबून जाणार नाही असा मोकळा रस्ता.

महाराष्ट्रात चालणाऱ्या वृद्धांची उदाहरणे कमी नाहीत. महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयातले अध्यापन आटोपून हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी जात आणि ते १०४ वर्षे जगले, हे मराठी घरांत अभिमानाने सांगितले जाते. एका माणसाच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही. कंडक्टर आणि ड्रायव्हर यांच्यासारखे हजारो जण तुलनेला घ्यावे लागतात ते म्हणूनच. पण आपल्या एका प्रथेकडून वेगळे काही शिकण्यासारखे आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानेश्वरांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर जवळपास तीन आठवड्यांत कापते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात दिंड्यांचा क्रम, विसाव्याच्या जागा आणि मुक्काम ठरलेले आहेत. साठी-सत्तरीतले असंख्य वारकरी हे अंतर चालतात, त्यामागे भक्ती तर आहेच. पण संथ चालणाऱ्याला सोबत घेऊन जाणारी रचनाही आहे. थोड्या थोड्या अंतरावर बसायला जागा, पाणी, अन्न, बरोबर ओळखीची माणसे आणि भजनाच्या ठेक्यावरची एकसारखी चाल. वारीने आयुष्य वाढते असा दावा करण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा चालणे हे रोजच्या चालण्याची जागा घेत नाही. पण वृद्ध माणसाचे चालणे त्याच्या एकट्याच्या निर्धारावर सोडायचे नसते, त्याच्याभोवती व्यवस्था उभी करायची असते, हे या समाजाने दोनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

उरलेल्या दिवसांसाठी आपली शहरे तशी व्यवस्था करीत नाहीत. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर बत्तीस हजारांहून अधिक पादचारी मेले, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाची आकडेवारी सांगते. उंच-सखल फरशा, मध्येच संपणारा पदपथ, त्यावर चढवलेल्या दुचाक्या, चौकात काही सेकंदांत विझणारा हिरवा माणूस : यांतली प्रत्येक गोष्ट तरुणाला अडचण वाटते, वृद्धाला मात्र घरी राहण्याचे कारण ठरते. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करून पादचारी दिन पाळायला सुरुवात केली. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. ही दिशा योग्य आहे. पण वर्षातल्या एका दिवसाने आणि कागदावरच्या हक्काने ती तीव्र चढण चढून होत नाही. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा काय करतो ते पाहावे : दमलेल्या माणसाला हव्या त्या पावलाला टेकता येते, ओळखीचे चार जण भेटतात आणि पुढची अर्धी फेरी शक्य होते. असा कट्टा किंवा बाक प्रत्येक वस्तीत, दर दोनशे पावलांवर का असू नये?

ज्या ज्ञानाची सुरुवात बसच्या जिन्यावरून धावपळ करणाऱ्या पुरुषांपासून झाली, ते सत्तरीच्या स्त्रीपर्यंत पोचायला साठ-पासष्ट वर्षे गेली. ते एकदा तिच्यापर्यंत पोचल्यावर उत्तर बदलले, आणि नवे उत्तर दिलासा देणारे आहे. डॉक्टरांनी वृद्ध रुग्णाला दहा हजारांचे लक्ष्य देण्याआधी, सध्या किती चालता, हे विचारावे आणि तिथून हजार-दीड हजार पावले वाढवायला सांगावे. घरच्यांनी वयस्करांच्या हातातली बाहेरची लहानसहान कामे प्रेमापोटी काढून घेऊ नयेत. दूध आणणे, पासबुक भरून आणणे ही त्यांची औषधेच आहेत. नगरपालिकांनी पदपथांचे आणि बाकांचे पैसे सुशोभनाच्या खात्यातून काढून आरोग्याच्या खात्यात मांडावेत, कारण पुराव्याने त्यांची जागा तिथेच ठरवली आहे. आणि रोज तीन-साडेतीन हजार पावले चालणाऱ्या माणसाने यंत्र काय म्हणते त्याने खट्टू होऊ नये. आयुष्यातली सर्वांत मोलाची पावले तो आधीच टाकतो आहे. त्यांत आणखी थोडी भर घालणे त्याच्या आवाक्यात आहे, आणि ती भर घालता यावी असा रस्ता त्याला देणे हे आपल्या सगळ्यांचे काम आहे.